‘एफपीएस दुप्पट, गॅरंटी’: त्या मेसेजचा एकेक उपाय तपासून

‘गेम अडकतोय? नवीन ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. एमएसकॉन्फिगमध्ये सगळे कोअर चालू करा, टेम्प फोल्डर रिकामा करा, गेमला रिअलटाइम प्रायॉरिटी द्या, गेमच्या फोल्डरमधली मेमरीची फाइल बदला. तरी नाही भागलं तर रॅम वाढवा. एफपीएस दुप्पट, गॅरंटी.’ ‘सायबरपंक २०७७’ या कंप्युटर गेमच्या नावाने फिरणारा हा मेसेज भाच्याने मला पाठवला. (एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं.) यातलं जमेल ते सगळं करून झालं होतं आणि गेम होता तिथेच अडकत होता, म्हणून.

मेमरीच्या फाइलपासून सुरुवात करतो, कारण त्या एका गोष्टीत बाकीच्या मेसेजचीही मेख आहे. गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. काही दिवसांतच कुणाला तरी त्याच्या फोल्डरमध्ये ‘मेमरी पूल बजेट्स’ नावाची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल सापडली. तीत रॅम आणि व्हिडिओ मेमरीचे आकडे होते. लोकांनी ते आपापल्या मशीनप्रमाणे वाढवले आणि ‘फरक पडला!’ म्हणून जगभर सांगत सुटले. त्याच महिन्यातल्या १.०५ पॅचमध्ये कंपनीने ती फाइल काढूनच टाकली. गेम बनवताना मेमरीचा अंदाज घ्यायला ती वापरली होती, तयार गेमशी तिचा काही संबंध नाही, असा खुलासाही केला. मग फरक कसा जाणवला? कंपनीच्या मते, फाइल बदलल्यावर लोक गेम बंद करून परत चालू करत होते, बहुधा त्यानेच. म्हणजे औषध बाटलीत नव्हतंच, ते झोप काढून उठण्यात होतं. आणि फाइल जाऊन एवढी वर्षं झाली तरी मेसेजमध्ये ती आहेच.

आता एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवणारी सेटिंगची खिडकी. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) वापरतं. तिथली कोअरची सेटिंग कोअर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. तिथे सगळे कोअर निवडले तर काहीच होत नाही, चुकून कमी निवडले तर नुकसान. टेम्प फोल्डर रिकामा केला की डिस्कवर जागा होते, फ्रेम वाढत नाहीत. उलट त्या उत्साहात शेडर कॅशही (ग्राफिक्ससाठी आधीच तयार करून ठेवलेल्या सूचनांचा साठा) उडवली, तर ती पुन्हा तयार होईपर्यंत गेम जास्तच झटके देतो. रिअलटाइम प्रायॉरिटीने, म्हणजे गेमला बाकी सगळ्या कामांच्या पुढे काढल्याने, माउस आणि आवाज अडखळू शकतो, त्या वाटेला न गेलेलंच बरं.

रॅमचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. ८ जीबीवर हा गेम रेटत असाल तर १६ जीबीने झटके नक्की कमी होतील. एकच स्टिक असेल तर जोडीला दुसरी लावल्यानेही फायदा होतो, कारण मेमरी दोन चॅनेलने चालते. पण १६ची ३२ केल्याने ग्राफिक्स कार्डाचं काम हलकं होत नाही.

मेसेजमध्ये कुठेच नाही ती गोष्ट म्हणजे आधी मोजणं. ६० एफपीएस हवे तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचंही काम उरकावं लागतं. उशीर कोण करतंय ते पाहायची युक्ती सोपी आहे: रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलंय. मग रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवणारा पर्याय) बंद करा, डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारे पर्याय) लावा. (फोरके म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेल, हे लोक विसरतात.) फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर संशय प्रोसेसरवर. तिथे ग्राफिक्सचे पर्याय खाली आणून फारसं हाती लागत नाही, गेमच्या सेटिंगमधली गर्दीची घनता कमी करून पाहा. नाइट सिटी या गेममधल्या शहराच्या बाजारात माणसं जितकी जास्त, तितका प्रोसेसरला घाम. आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. २०२३च्या २.० अपडेटपासून किमान गरजांमध्येच एसएसडी आहे.

भाच्याकडे गेलो तेव्हा गेमचाच बेंचमार्क, म्हणजे एफपीएस मोजायची चाचणी, लावला. पहिल्या फेरीत सरासरी ५२. म्हटलं, चांगलं चाललंय की! तो म्हणाला, ‘मामा, थोडा वेळ थांब.’ वीस मिनिटं खेळून पुन्हा मोजलं तर ३४. लॅपटॉप उचलला तेव्हा खालून तव्यासारखा तापलेला. साहेब पलंगावर गोधडी पसरून तिच्यावर लॅपटॉप ठेवून खेळत होते, आणि हवा आत घ्यायच्या जाळ्या बरोबर खालच्या बाजूला. तापमान हाताबाहेर जायला लागलं की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपला वेग आपणच उतरवतात, तिथे कुठलीही प्रायॉरिटी चालत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला, मागच्या कडेखाली दोन जुन्या वह्या सरकवल्या, पंख्यातली धूळ ब्रशने काढली. अर्ध्या तासाच्या खेळानंतर बेंचमार्क ४९वर थांबला. गोधडी ताईने धुवायला नेली.