पाय वर, मान खाली

इंदुरात खाण्याची खरी मजा उभ्यानेच. रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू सुरू होतात, आणि माणसं एका जागी खिळून तासभर चापत असतात. त्यात माझी नोकरी शाळेत, फळ्यासमोर. खुर्ची असते, पण बाई बसल्या की वर्ग उठतो.

पोटरीवरच्या निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा माझ्याआधी सासूबाईंना दिसल्या. "तुझ्या आईलाही होतं नं हे? माहेरचं आहे," म्हणून त्यांनी सासरची जबाबदारी झटकली. डॉक्टरांनीही नेमकी त्यांचीच री ओढली. व्हेरिकोज व्हेन्समध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा. शिवाय बाळंतपणं, वय, वजन आणि तासन्‌तास उभं राहणं. यातली बाळंतपणं तरी सासरच्या खात्यात धरा, असं मी घरी येऊन ठासून सांगितलं.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. थोडक्यात, वन-वे. आता वन-वेचं काय होतं हे राजवाड्याच्या आसपास गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. झडपा सैल पडल्या की रक्त बिनदिक्कत राँग साइडने खाली येतं, साचतं आणि शीर फुगते. विल्यम हार्वेने 1628 मध्ये याच झडपांचा दाखला देऊन रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडलं होतं. माझ्या झडपांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

उभं राहून पाय दुखतात म्हणून गेले, तर डॉपलरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची, तपासणीही उभ्यानेच! पायाला गारेगार जेल फासून पोटरी दाबायची, सोडायची आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते पडद्यावर बघायचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिलं तर झडप गळकी. माझं रक्त चांगलं रमतगमत परतत होतं.

शीर लेझरने आतून बंद करता येते, पण तूर्त मोजे घाला, असं ठरलं. तेही धमन्या ठणठणीत आहेत हे बघून मगच. हे मोजे घोट्याशी सगळ्यात आवळ आणि वर जाताना सैल होत जातात. रक्तदाब मोजतात त्याच मापात माझ्या मोज्यांचा दाब 23 ते 32. सकाळी सूज चढायच्या आत, पलंगावरून उतरण्याआधी घालायचे. म्हणजे चहाच्याही आधी!

मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पंजा आत सारायचा, टाच टाचेवर बसवायची आणि मग तसूतसूने वर सरकवायचा. निसटू नये म्हणून हातात रबरी हातमोजे. ते आमच्या ह्यांनी चढवले. लग्नानंतर प्रथमच भांडी घासायचे हातमोजे त्यांच्या हातात दिसले, तेही माझ्या पायासाठी. "ओढू नका, सरकवा!" "सरकवतोच आहे, तू पाय ताठ करू नकोस!" शेजारच्या भाभींनी खिडकीतून विचारलं, "सब ठीक है नं, दीदी?"

भाभींनीच तोड सुचवली. पंजावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, मोजा त्यावरून सर्रकन जातो, आणि बोटांकडे उघडा असेल तर पिशवी मागाहून तिथून खेचून काढायची. पण 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर पटकावणाऱ्या शहरात पातळ पिशवी मागायची तरी कुणाकडे? शेवटी माळ्यावर जुन्या शालूची सापडली. शालूला आता वर्तमानपत्र गुंडाळलं आहे.

मे महिन्यात, 42 अंशांत, साडीखाली हे मोजे घालून पुड्या तळणं हा विषयच वेगळा. तो राहू दे.

संध्याकाळी पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवून पडायचं, ही मात्र मला मानवलेली आज्ञा. पण आमच्या घरात वडीलधाऱ्यांकडे पाय करायचे नाहीत, देवाकडे करायचे नाहीत, दक्षिणेकडे तर नाहीच नाही. हे सगळं टाळून उरलेली एकच दिशा म्हणजे बाहेरचं दार. परवा पुतण्या नव्या नवरीला घेऊन पाया पडायला आला. दार उघडंच होतं. समोर लोड, तक्के आणि त्यावर माझे दोन पाय, बदामी मोज्यांत. मी उठू लागले तर पोर म्हणाली, "राहू द्या काकू," आणि उभ्या उभ्याच हात लावून मोकळी झाली.

सासूबाई म्हणाल्या, "बरंय बाई हिचं. वाकायलाही लागत नाही."