निशिझाकाच्या टेकडीवर चाळीस मिनिटं

आमच्या पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या भाविकांचा गट फेब्रुवारीत जपानची तीर्थयात्रा करून आला. आल्यापासून जो तो विचारतोय, जपान कसं वाटलं? मला बोलायचंय ते फक्त एका टेकडीबद्दल.

नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटं चाललं की निशिझाका लागतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथे २६ ख्रिस्ती लोकांना त्यांच्या श्रद्धेपायी क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यातला एक आपल्या वसईचा, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट धर्मगुरूंकडे शिकला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा तोंडात बसली, व्यापारही केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर, म्हणजे धर्मबंधू झाला आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषा म्हणून परत जपानला आला. अटक झाल्यावर क्योतोत सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेलं. टेकडीवर पोचताच गोन्सालोने "यातला माझा क्रूस कोणता?" असं विचारलं आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असं परंपरेने सांगतात.

त्या जागेला आमच्या कार्यक्रमात मिळाली चाळीस मिनिटं. आदल्या दिवशी खरेदीला साडेतीन तास होते. टेकडीवर एक 'आमच्या बापा' प्रार्थना, एक ग्रुप फोटो आणि चला बसमध्ये. मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना, नाही. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

गटात आमच्या शेजारची मावशी होती. सत्तरी ओलांडलेली, लाल लुगडं आणि वरून लेकीचा जाड कोट. टेकडीवर पाऊल ठेवताच तिने बूट काढले. मी म्हटलं, "मावशी, पाय गारठतील गं." ती म्हणाली, "तो काय गाडीतून आलेला?"

समोर १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे. ओळीने २६ ब्राँझच्या मूर्ती, कुणाचेच पाय जमिनीला टेकलेले नाहीत. मावशी एका टोकापासून एकेकापाशी थांबत निघाली. ठेंगण्या मूर्तींपाशी आली आणि तिथेच खिळली. त्यातला लुइस १२ वर्षांचा होता, हे मी सांगितलं. "अगो बाय, ही तर पोरं," एवढंच बोलली आणि रोझरी, म्हणजे जपमाळ काढली. रोझरीच्या पाच टप्प्यांना रहस्यं म्हणतात; दुसरं रहस्य संपतंय तोच गाइडने हाक मारली. गोन्सालोपर्यंत ती पोचलीच नाही.

बाकीचं नागासाकीही असंच घाईत उरकलं. ओउरा चर्च या २६ जणांच्याच नावाने बांधलंय आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे आहे. १८६५ मध्ये तिथेच नागासाकीच्या उराकामी भागातल्या गावकऱ्यांनी फादरांना सांगितलं, आमचा विश्वास तुमच्यासारखाच आहे. बंदीमुळे दोनशेहून अधिक वर्षं फादर नाही, चर्च नाही, तरी घराघरात जपलेली श्रद्धा! पुढे त्याच उराकामीवर १९४५ चा अणुबॉम्ब पडला. ढिगाऱ्यातून निघालेली घंटा आम्ही बाहेरून बघितली.

लुर्द, फातिमा, वेलंकणीला आपण मनापासून जातो आणि जावंच. पण नागासाकीला आपलं रक्त सांडलंय. १८६२ मध्ये संतपद मिळालेला हा भारतात जन्मलेला पहिला संत, आपल्या मातीतला. त्याच्यासाठी चाळीस मिनिटं?

फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी निशिझाकाला अख्खी सकाळ द्या. टेकडीला लागूनच चर्च आहे, तिथे आधी विचारून मराठी मिस्सा ठरवा. स्टेशनवरून चालतच चढू. निघण्याआधी वसईच्या किल्ल्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना करू. खरेदीचा वेळ कापा, खुशाल कापा.

आणि पुढच्या गटात मावशीचं नाव आजच लिहून घ्या. तिचं तिसरं रहस्य राहिलंय.