माणगावचा पुतळा आणि बावीस वर्षांचा यशवंत

गणपतीला गावी जाताना माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकला नाही असा कोकणी माणूस सापडणं अवघड. आम्हीही दरवर्षी अडकतो, वडापाव खातो, हायवेला शिव्या घालतो आणि पुढे निघतो. तिथंच तहसील ऑफिससमोर एका जवानाचा पुतळा आहे हे मला चाळिशीत कळलं, याची मनापासून लाज वाटते.

नाईक यशवंत घाडगे, नाईक हा फौजेतला हुद्दा. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं युद्धातलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. आज १० जुलै, १९४४ साली याच तारखेला तो दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारला गेला, वय २२. सगळे 'ते' म्हणतात, बरोबरच आहे, पण मला अहोजाहो करवत नाही, माझा भाचा आत्ता तेवढाच आहे आणि ताई अजून त्याला ताट वाढून हाका मारत बसते.

मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, टायबर नदीचं वरचं खोरं. यशवंतच्या कंपनीनं जर्मन मोर्चावर हल्ला केला, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या सेक्शनमधले एकूण एक जण मेले नाहीतर जखमी होऊन पडले, उभा राहिला तो एकटाच. तो थेट मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणून मारलं, आणि मग स्नायपरची गोळी त्याला लागली. तिथंच संपला. त्याची कबरसुद्धा माहीत नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नुसतं नाव आहे.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "इंग्रजांसाठीच लढला ना." खूप राग येतो मला याचा. देश गुलाम होता, नेहरू-पटेल तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, सगळं मान्य. पण हे युद्ध पळसगावच्या पोरानं सुरू केलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंही नव्हतं, आणि समोर हिटलरची फौज होती. आणि त्याच्या अवतीभवती पडलेली माणसं इंग्रज नव्हती हो, सेक्शन म्हणजे आठ-दहा जण, रोज एकत्र जेवणारे, आपल्याच बोलीत बोलणारे. त्यांची तर नावंही आपल्याला पाठ नाहीत. इटलीत आपले साडेपाच हजारांवर जवान मारले गेले, हिशेब मागायचाच तर ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडे मागा, या पोरांकडे नको.

व्हिक्टोरिया क्रॉस दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलनं त्याच्या बायकोच्या हातात दिला. हे वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पदक केवढंसं असतं आणि पुढचं आयुष्य केवढं, तेही तिनं एकटीनं काढायचं.

इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्याच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात, त्यावर 'आपण सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचे शब्द आहेत. तिथल्या लोकांना त्याची आठवण आहे आणि आम्ही माणगावात काच खाली करून फक्त वडापाव मागतो.

आज कोकणात लावणी चालू असेल, तेव्हाही याच दिवसांत पळसगावात चालू असणार, सगळे गुडघाभर चिखलात. यंदा गणपतीला जाताना गाडी बाजूला लावणार आहे मी, भाच्याला सोबत घेऊन. झेंडूचा हार घरूनच नेणार.