माशाचे फोटो काढणं पोरकट नाही, अण्णा!

गरवणाऱ्याचा, म्हणजे हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्याचा मोबाइल बघितला की तो या नादाला कधी लागलाय ते कळतं. नवखा असेल तर गॅलरी भरून वाहते. वीतभर काळुंदर, शिंगाळा, गरीला लटकून आलेला खेकडासुद्धा. मग बारके मासे हळूहळू गायब होतात आणि उरतात ते जिताडा, तांबोशी, गोबरा. कोपर ताठ, मासा कॅमेऱ्याच्या नाकाशी, म्हणजे तीन किलोचा सहा किलोचा दिसावा. (समोरचाही तेच करत असल्यामुळे फसत कोणीच नाही.) पुढे बॅकग्राउंड धूसर व्हायला लागतं. मागचा पूल, जेटी, खडक कोणाला ओळखू येता कामा नये. स्पॉट फुटला की पुढच्या रविवारी तिथे रॉड टाकायला कोपरा मिळत नाही.

आणि सगळ्यात शेवटी अण्णा लोक. "फोटो कसले काढता रे? मासा लागला, बघितला, सोडला. झालं." या मंडळींना गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर फार मान असतो. मीही देतो. पण फोटो न काढणं म्हणजे पोचलेपण, हे मला पटत नाही.

फ्लोरिडात की वेस्ट नावाचं बंदर आहे. तिथे बोटीवरून परतलेले हौशी लोक दिवसभरातले मासे फळीवर टांगून त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. निव्वळ मिरवण्यासाठी. लोरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो शोधून त्यातले मासे मोजले. माशाचं सरासरी वजन साधारण २० किलोवरून २.३ किलोवर आलेलं निघालं! जुन्या फोटोंत माणसाच्या उंचीचे गोबरे, नव्यांत फळीभर छोटे मासे. फोटोतली माणसं मात्र तेवढीच खूश. तिचा हा अभ्यास २००९ साली छापून आला, आणि तो उभा राहिला कोणाच्या तरी मिरवण्यावर.

आपल्या खाड्यांचं असं काय आहे आपल्याकडे? "आमच्या वेळी कमरेएवढे जिताडे लागायचे" असं अण्णा सांगतात आणि पोरं गालात हसतात. अण्णा खरं सांगत असतील, पण पुरावा कुठाय? कर्नाटकातल्या कबिनी नदीतला १९४६ सालचा १२० पौंडी महसीर मासा आजही सांगितला जातो, कारण त्याची नोंद राहिली.

फोटोपायी माशाचे हाल होतात, हा आक्षेप मात्र शंभर टक्के मान्य. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. जबड्याने उभा लटकवला तर जड माशाचा जबडा आणि आतले अवयव दुखावतात. तापलेल्या कातळावर ठेवून दहा अँगल घेणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. सोडायचा असेल तर मासा जाळीत, पाण्यातच राहू द्या. मोबाइल आधी तयार ठेवा. हात ओले करा, एक हात पोटाखाली, आणि आपण श्वास रोखून धरू शकतो तेवढाच वेळ बाहेर. शेजारी मोजपट्टी दिसली तर उत्तम, मग कोपर ताठ करायची गरज नाही. मोठा जिताडा तर परत पाण्यात सोडाच. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे जो मिरवावासा वाटतो तीच बहुतेक वेळा अंड्यांची मालकीण.

तेव्हा अण्णा, नवे फोटो नका काढू हवं तर. पण कपाटातले ते रोलच्या कॅमेऱ्यातले, दमटपणाने एकमेकांना चिकटलेले फोटो घरातल्या एखाद्या पोराकडून स्कॅन करून घ्या. मागे साल लिहा, खाडीचं नाव लिहा. नेमका खडक नाही सांगितलात तरी चालेल, तेवढं आम्ही समजू शकतो.