झगमगाटाची लाज कुणाला?

“पैसा नवा असला की भिंतीला सोनेरी नक्षी लागते, संस्कार असले की पांढरी भिंत पुरते.” हे वाक्य पुण्याच्या माझ्या चुलतभावाचं. दादा माझ्याहून मोठा, भरपूर वाचलेला, मनाने चांगला. पण हे तो माझ्या आईच्या फोटोवर बोलला, आणि तेव्हापासून माझं डोकं शांत नाही.

मी व्हिएतनाममधल्या सायगॉनला राहते, आणि फोटो इथल्या रेव्हरी हॉटेलमधला. आई पहिल्यांदाच सायगॉनला आली होती, तिची पंचाहत्तरी होती, म्हणून मी तिला तिथे राहायला नेलं. जांभळ्या, शहामृगाच्या चामड्याच्या लांबलचक सोफ्यावर आई बसली आहे, अंगावर मोरपिशी पैठणी, गळ्यात साज. दादाने आधी हॉटेलवर शेरा मारला आणि मग गाडी घरच्या वादाकडे वळवली. २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: पाहुणे कमी, प्री-वेडिंग नको, डीजे नको. दादाचं म्हणणं, हीच शिस्त आता राहण्या-वागण्यात सगळीकडे आली पाहिजे, आणि तुम्ही बाहेर गेलेले लोक नेमके उलट्या दिशेला निघालात.

लग्नाबद्दल मी त्याच्याच बाजूची आहे. जमीन विकून मांडव घालणं, हुंड्यात गाडी मागणं, त्यापायी पोरींचे जीव जाणं, हे थांबलंच पाहिजे, आणि त्यासाठी कुणी नियम करत असेल तर करू दे. पण कर्ज काढून केलेला थाट वेगळा आणि देखणेपणाची आवड वेगळी. दादा दोन्ही एकाच पोत्यात भरतो. पुण्यात असे पुष्कळ आहेत.

रेव्हरी भपकेबाज आहे, यात वाद नाही. रिसेप्शनमध्ये फ्लॉरेन्सच्या बाल्डी कारखान्यातलं हिरव्या मॅलाकाइट दगडाचं, सोनेरी मुलाम्याचं माणसाहून उंच घड्याळ उभं आहे. पायाखाली रंगीत संगमरवर, डोक्यावर इटलीच्या काचेची झुंबरं, खोल्यांतलं सामान इटलीच्या वेगवेगळ्या घराण्यांनी घडवलेलं. आई एका जागी थांबली ती पडद्यापाशी. पडद्याचा काठ तिने उलटा केला आणि मागची बाजू बघत बसली. आमच्या घरात कापड असंच बघतात. आप्पा इचलकरंजीत खर्चीवाले होते. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी मीटरवर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे त्या गावातली माझ्यासारखी असंख्य पोरं खटखटीच्या आवाजात झोपायला शिकली. “जकार्डचं हाय,” आई म्हणाली, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली. “उलटी बाजू बघ, एक धागा सुटलेला न्हाई. पैसे घेतले असतील, पर काम चोख केलंय.” ज्या वस्तूची उलटी बाजू आई पास करते ती बेचव म्हणायला दादाला आधी माग चालवावा लागेल.

सगळाच झगमगाट मला आवडतो असं नाही. हनोईत ज्यांग वो तळ्याकाठी २०२० साली एक हॉटेल उघडलं. त्याला बाहेरून सोनेरी टाइल्स, आत सोन्याचा मुलामा दिलेले बाथटब आणि कमोडसुद्धा. तिथे बघण्यासारखं काम नाही, नुसता धातू आहे, आणि तेही मी इतक्याच स्पष्टपणे म्हणते.

पण न्गुयेन ह्वे आणि डोंग खोई हे रस्ते रोज पायाखालचे असले की अभिरुचीच्या गप्पा वेगळ्या ऐकू येतात. न्गुयेन ह्वेच्या जागी पूर्वी कालवा होता, फ्रेंचांनी १८८७ मध्ये तो बुजवला. डोंग खोईवर १८८० चं काँटिनेंटल हॉटेल, आणि त्याच्या शेजारी १९०० साली बांधलेलं नाट्यगृह. नाट्यगृहाचा दर्शनी भाग पुतळ्यांनी आणि नक्षीने भरलेला. आज तिथे पर्यटक रांगेने फोटो काढतात. पण हीच नक्षी फार होते आहे म्हणून टीका झाली होती, आणि १९४० च्या दशकात ती उतरवली गेली. १९९८ मध्ये शहराला तीनशे वर्षं झाली तेव्हा सगळं पुन्हा बसवलं. मधल्या पन्नास वर्षांत नक्षी बदलली नव्हती, बघणारे बदलले होते. ह्वे शहराजवळ खाय दिन्ह राजाची समाधी आहे, १९२० ते १९३१ दरम्यान बांधलेली. भिंतीवर इंचभर जागा सोडलेली नाही, सगळीकडे चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची फुलं, पक्षी, ड्रॅगन. त्यासाठी राजाने जमिनीवरचा कर वाढवला, म्हणून लोक चिडले, आणि ते चिडले ते बरोबरच होतं. पण चीड कराची होती. काचेची फुलं चिकटवणाऱ्या कारागिराने कुणाचं काय बिघडवलं होतं?

आपल्याकडे तरी साधेपणा कधीपासून परंपरा झाला? पैठणीचा पदर साधा आहे? एकवीस पानांचा साज? अंबाबाईला सोन्याची पालखी केली तेव्हा कोल्हापुरात कुणी नाक मुरडलेलं मला आठवत नाही. बडोद्याला सयाजीरावांनी लक्ष्मीविलास बांधला, त्यात परदेशी काच आणि परदेशी मोझाइक आहे, आणि दादाच मुलांना तो दाखवायला घेऊन गेला होता. तिथून त्याने पाठवलेल्या फोटोंखाली ‘वैभव’ असं लिहिलं होतं. महाराजांचं ते वैभव, आणि इचलकरंजीच्या बाईचा फोटो म्हणजे नवश्रीमंती!

इथे माझ्या बरोबरीच्या बायकांनी लहानपणी रेशनची कुपनं पाहिली आहेत. तांदळाची, कापडाची, मांसाची कुपनं. १९८६ मध्ये महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला, त्याच डिसेंबरात दोई मोई, म्हणजे आर्थिक सुधारणांचं धोरण, आलं आणि दारं किलकिली झाली. ज्या बाईच्या आईने कापडाच्या कुपनासाठी पहाटेपासून रांग लावली ती बाई आज टेटला, म्हणजे इथल्या नववर्षाला, नवा आओ जाय हा इथला पारंपरिक पोशाख घालून न्गुयेन ह्वेच्या फुलांत उभी राहते, मागे टाइम्स स्क्वेअर या इथल्या इमारतीचे दिवे, आणि अभिमानाने फोटो काढते. थान ताइ या धनदेवतेच्या दिवशी सोन्याच्या दुकानांपुढे उजाडायच्या आत रांगा लागतात. लग्नात सासू सगळ्यांसमोर सुनेच्या गळ्यात हार घालते. पगार किती, हे पहिल्या भेटीत विचारतात आणि उत्तर ऐकून जेवायला बसतात. पुण्यात कुणी विचारत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं, आणि मनातल्या मनात तोलतात.

मग दादाने मला बातमी पाठवली. मी ती आधीच वाचली होती, या शहरात राहून ती न वाचणं शक्यच नाही. ट्रुओंग माय लान: सायगॉनच्या बाजारात आईबरोबर सौंदर्यप्रसाधनं विकण्यापासून सुरुवात, पुढे व्हान थिन्ह फात हा प्रचंड बांधकाम समूह. ऑक्टोबर २०२२ मध्ये अटक. साडेबारा अब्ज डॉलरच्या अपहारासाठी एप्रिल २०२४ मध्ये मृत्युदंड. पुढे २०२५ मध्ये या गुन्ह्यासाठीचा मृत्युदंडच कायद्यातून गेला. रेव्हरी ज्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आहे त्या इमारतीच्या गुंतवणूक कंपनीचा अध्यक्ष होता लानचा नवरा, एरिक चू. त्यालाही तुरुंगवास झाला. “बघ तुझा झगमगाट कशावर उभा आहे,” दादाने खाली लिहिलं होतं.

मी या प्रश्नाला टाळणार नाही, कारण माझ्या मते तो दादाच्याच विरुद्ध जातो. चोरी घड्याळात झाली नाही. ती झाली सायगॉन कमर्शियल बँकेत. कायद्याने एका माणसाला बँकेचे पाच टक्के शेअर धरता येत होते. तिने दुसऱ्यांच्या नावांवर नव्वद टक्क्यांहून अधिक धरले. कागदावरच्या कंपन्या काढून कर्जं उचलली. मध्यवर्ती बँकेच्या तपासणी अधिकारी बाईंना ५२ लाख डॉलर पोचले ते थर्माकोलच्या खोक्यांतून. ठेवी ठेवायला आलेल्या सामान्य माणसांना बाँड विकले गेले, आणि त्या प्रकरणात सुमारे ३६ हजार लोक बुडाले. हे सगळं ज्या काउंटरवर घडलं तो काउंटर अगदी साधा असतो: प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याची बाटली, टोकन घ्या आणि बसा.

आणि दादाच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर सप्टेंबर २०१९ आठवावा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा ठेवली. बहुतांश कर्ज एकाच बिल्डर समूहाला दिलेलं, आणि ते लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती. मुंबईत म्हातारी माणसं शाखांच्या शटरपुढे रडत होती. त्या शाखांमध्ये कुठलं झुंबर लटकत होतं? सहकारी बँकेच्या साध्या टेबलावर आपण विश्वास ठेवतो, कारण साधं म्हणजे सचोटीचं असं आपल्याला शिकवलेलं असतं. दादा ज्या पांढऱ्या भिंतीचं कौतुक करतो तिच्याआड काय चाललंय हे बघायची सवय त्या शिकवणीने मोडली.

दादाने न विचारलेला एक प्रश्न मात्र मला स्वतःला पडतो. मी एका बाइंग हाउसमध्ये मर्चंडायझर आहे. शर्टाच्या शिलाईला किती मिनिटं लागतात आणि मिनिटाला किती सेंट द्यायचे, यावरून सायगॉनला लागून असलेल्या बिन्ह डुओंगच्या फॅक्टऱ्यांशी घासाघीस करणं हे माझं काम. जुलै २०२४ पासून या पट्ट्यात किमान वेतन महिन्याला ४९ लाख ६० हजार डोंग होतं. रेव्हरीतल्या आमच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं त्याहून जास्त होतं. बिल भरताना हे दोन्ही आकडे माझ्या डोक्यात होते, आणि असायलाच हवे होते. पण शर्ट मागवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं मी पाहिली आहेत. राखाडी भिंती, एक झाड, लाकडाचं साधं टेबल. त्या सुरुचिपूर्ण खोलीत बसून पीसमागे दोन सेंट कमी करा असं सांगितलं जातं, आणि तिथे कुणी भपक्याचा आरोप करत नाही. वेतनाचा प्रश्न विचारायचा तर त्या टेबलावर विचारू या. मी तिथे आहे, आणि मी पुरेसा विचारत नाही.

एका वाक्यावर मी इतकी का पेटले, याचं कारण जुनं आहे. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला आले. दिवाळीनंतर आई मला सोडायला आली तेव्हा तिच्या अंगावर जरीचं, गडद गुलाबी लुगडं होतं, तिचं सगळ्यात चांगलं. वसतिगृहातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी आई फिकट सुती साडी नेसून आली. तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही, मी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून पुण्यातल्या कुठल्याही सुंदर, शांत, ऑफव्हाइट घरात गेले की मला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं. कोणता रंग जास्त होईल, कुठला दागिना मोठा होईल, आवाज किती. सायगॉनमध्ये हे वाटत नाही. रेव्हरीच्या दारातल्या पोराने आईला ‘बा’, म्हणजे आजी, म्हणून वाकून नमस्कार केला. जुना पैसा की नवा, घाटावरची की कोकणातली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आई त्या सोफ्यावर ऐसपैस बसली. पुण्यात दादाच्या दिवाणखान्यात ती कायम खुर्चीच्या कडेवर बसते.

इथे मला कुणी तोलत नाही, कारण इथे मी कुणाचीच नाही, हेही खरं. टेटला सगळं शहर आपापल्या गावी जातं आणि माझ्या इमारतीत मी आणि वॉचमन उरतो. तेव्हा दादाचा फोन हमखास येतो. तो दुसऱ्या कुणाचा येत नाही.

इचलकरंजीत आप्पांच्या मागांची जागा अजून आमच्या नावावर आहे. तिथे घर बांधायचं ठरलंय. दादाने ओळखीच्या आर्किटेक्टकडून आराखडा काढून पाठवला: उघडं काँक्रीट, राखाडी, दर्शनी बाजूला एक लांब कोरी भिंत. काम चांगलं आहे, माणूस हुशार आहे. मी त्याला कळवलंय की दारावर कोरीव गणेशपट्टी हवी, जिन्याला रंगीत टाइल्स हव्यात आणि बैठकीच्या खोलीतला पडदा जकार्डचा असेल, गावातल्याच मागावर विणलेला, आईने उलटा करून पास केलेला. त्या घरात मी राहायला कधी येईन ते सांगता येत नाही. दादाला वास्तुशांतीचं आमंत्रण पहिलं जाईल. आई त्या दिवशी गुलाबी लुगडंच नेसणार आहे, तिने सांगून ठेवलंय.