‘एकदा लागली की सुटत नाही’: नैराश्याच्या गोळीबद्दलच्या संदेशाला उत्तर

नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच गोळ्या, त्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, म्हणून बरे वाटताच त्या बंद करून एखादे ‘निरुपद्रवी’ वनस्पतिजन्य औषध घ्यावे, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा मी, तो वाचून गोळ्या परत करायला आलेली माणसे पाहतो.

पहिला दावा झोपेचा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे झोपेची नव्हेत. ती मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता परिणाम दिसायला कधी सहा ते आठही. तरीही लोकांचा समज हवेतून आलेला नाही. मध्यंतरी एका गृहस्थांनी कात्रीने कापलेली पट्टी पुढे केली आणि ‘ही झोपेचीच ना?’ असे विचारले. मागची बारीक अक्षरे वाचली, तर एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत होते. आपल्याकडे अशी जोडगोळी सर्रास लिहिली जाते. गुंगी आणते आणि सवय लावते ते त्यातले क्लोनाझेपाम. ते बहुधा सुरुवातीच्या थोड्या काळापुरते असते, पण तीच चिठ्ठी वर्षभर दाखवत राहिल्यास ते अंगवळणी पडते. तेव्हा आपल्या पट्टीत नेमके काय आहे आणि त्यातले काय किती दिवस घ्यायचे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

‘सुटत नाही’ या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. व्यसनात माणसाला पदार्थाची ओढ लागते आणि मात्रा वाढवावीशी वाटते. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांच्या बाबतीत तसे सहसा घडत नाही. मात्र त्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, भडक स्वप्ने, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनने तो जास्त होतो, रेंगाळणाऱ्या फ्लुऑक्सेटिनने कमी. म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. काहींना त्यासाठी आठवडे लागतात, काहींना महिने. क्लोनाझेपाम तर दीर्घकाळ घेऊन अचानक सोडल्यास फिटसुद्धा येऊ शकते, त्यामुळे जोडगोळी मनाने बंद करणे दुहेरी धोक्याचे आहे.

‘बरे वाटताच बंद करा’ हा सल्ला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा आहे. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या रुग्णालाही बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, ते आजार उलटू नये म्हणून. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, एवढे जाता जाता.

राहिले ‘निरुपद्रवी’ औषध. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती स्वतःच सेरोटोनिन वाढवते. ती या गोळ्यांबरोबर घेतल्यास थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण असा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनबरोबर या नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकल्याचे औषध मागताना चालू गोळीचे नाव सांगणारा ग्राहक मला क्वचितच भेटतो.

गंमत अशी, की जो खरा इशारा द्यायला हवा होता, तो या संदेशात नाहीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा घालायला लावला: सुरुवातीच्या काळात आणि मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि रुग्ण अस्वस्थ, बेचैन किंवा एकाएकी अतिउत्साही दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. रात्री-अपरात्री ते मिळाले नाहीत, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि जिवाला धोका वाटल्यास थेट रुग्णालय गाठावे.