कोरफड लावली की भाजलेलं बरं होतं?

ते फॉरवर्ड परत फिरतंय, भाजलं की लगेच कोरफडीचा गर नाहीतर हळदीचा लेप लावा, दवाखान्यात जायची गरजच नाही म्हणे. अर्धं खरं आहे आणि तेच जास्त घातक.

कोरफडीवर अभ्यास झालेत, वरवरच्या भाजण्यात जखम थोडी लवकर भरली असंही काहींत दिसलंय, पण ते अभ्यास छोटे आहेत आणि त्यात वापरतात ते तयार केलेलं जेल किंवा क्रीम, आपण कुंडीतलं पान कापून लावतो ते नाही, त्या पानाला माती असते, सालीखालचा पिवळा चीक असतो, त्याने आग होते ती वेगळीच. आणि हळदीने तर जखमेचा रंगच झाकला जातो, मग डॉक्टरने खोली बघायची कशी?

आधी नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच (हे कोणी सुरू केलं देव जाणे). फोड फोडू नका.

चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा जागा पांढरी पडून दुखतच नसेल तर थेट डॉक्टर, कारण न दुखणं म्हणजे आतल्या नसा जळाल्यात.